लोकरीची आंघोळ

१

मांजर हरवली तर शोधता येते, चोरीला गेली तर तक्रार करता येते. पण मांजर स्वच्छ सापडली म्हणून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे लाँड्रीवाल्या ताईंना कोणी शिकवलं नव्हतं.

शनिवारची सकाळ होती. लाँड्रीत वाफ भरलेली होती, आणि त्या वाफेतून प्रूफकाका गाठोडं घेऊन आत आले. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली म्हणून हे नाव. मागच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांची मांजर राहत. दर शनिवारी मांजरीला आंघोळ घालायची आणि तिची चादर, टॉवेल ताईंकडे आणून टाकायचा, हा त्यांचा नेम होता.

मांजरीचं नाव लोकर. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत. कारण तिच्या अंगावर औषधालाही केस नव्हता. जातच तशी. गुलाबी कातडी, मानेवर सुरकुत्या, मोठाले कान. काका-काकूंनी तिला आणली तेव्हा हे नाव काकूंनी हसत हसत ठेवलं. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, मांजर आणि विनोद मागे राहिले.

"ताई, मी सकाळी पाणी कोमट केलं," काका म्हणाले. "तिला उचललं, तर ती आधीच स्वच्छ. सुरकुत्यांत मळ नाही, अंगावर तेल नाही."

"मग काल तुम्हीच घातली असेल आंघोळ."

"मुलगाही हेच म्हणतो. पण मला आठवत नाही हो. आणि हा पाचवा शनिवार."

बिनकेसांच्या मांजरीचं हे असं असतं, की अंगातून सुटणारं तेल शोषायला केसच नसतात. आठवडाभरात ती तेलकट होते, बसेल तिथं तपकिरी डाग उमटवते. ते डाग ताई पाच वर्षं धूत होत्या.

"उठून बघतो तर स्वयंपाकघराची खिडकी उघडी. मी लावलेली असते, अगदी खात्रीनं. तिच्या गळ्यातली घंटा घासून ठेवतो, ती पुन्हा काळी. एकदा तर तिचा स्वेटर उलटा. आयुष्यभर लोकांच्या चुका शोधल्या, आता माझ्याच मला दिसेनात." त्यांनी चष्मा पुसला. "मुलानं वृद्धनिवासात खोली बघितली आहे. चांगली आहे, बाग आहे, डॉक्टर आहेत. पुढच्या शनिवारी न्यायला येतोय. तिथं मांजरं चालत नाहीत."

ताईंनी गाठोडं सोडलं. पावतीवर 'चादर एक, टॉवेल एक' लिहिलं, मग टॉवेल हातात घेऊन बघितला आणि तो शब्द खोडला. धुण्यासारखं त्यात काही नव्हतं.

काकांनी सवयीनं खिशातलं पेन काढलं आणि खोडलेल्या शब्दाखाली ओळीनं टिंबं दिली.

"हे काय?"

"चुकून खोडलेलं असलं की खाली टिंबं द्यायची. म्हणजे, राहू द्या."

काका गेल्यावर ताईंनी टॉवेल पुन्हा उलटसुलट करून पाहिला. गेल्या आठवड्यातही तो असाच आला होता. त्याच्या आदल्याही. त्यांनी तेव्हा बघून न बघितल्यासारखं केलं होतं. आता मात्र त्यांनी तो फळीवर वेगळा ठेवला, आणि रविवारी दुपारी लाँड्री बंद करून त्या मागच्या इमारतीचे जिने चढल्या.

२

काकांच्या घरात दुपार पसरली होती. पडद्यातून पिवळा उजेड गाळून येत होता, आणि त्या उजेडाच्या चौकोनात लोकर पाय पोटाशी घेऊन पडली होती. चौकोन सरकला की ती डोळे न उघडताच त्याच्यामागे सरके. घड्याळ सोडलं तर घरात दुसरं काही हलत नव्हतं.

"हात लावून बघा," काका म्हणाले.

ताईंनी हात लावला आणि दचकल्या. "तापलीय की ही."

"ताप नाही तो. सगळ्या मांजरी इतक्याच गरम असतात, केसांमुळे आपल्याला कळत नाही. रात्रभर छातीशी झोपते. काकू गेल्यावर मी झोपायला शिकलो तो हिच्यामुळे." ते सहज बोलून गेले.

ताईंनी मांजर मांडीवर घेतली. गळ्यातली घंटा इवलीशी, चांदीची, काकूंच्या किल्ल्यांच्या जुडग्यातली. ती काळीठिक्कर पडली होती. मानेजवळ नाक नेलं तर अगदी पुसट वास आला, विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा. काकांचं नाक कित्येक वर्षांच्या छापखान्याच्या शाईनं निकामी झालेलं, त्यांना तो कुठून येणार.

"दुपारी झोपता का हो तुम्ही?"

"दोन ते चार. कानातलं यंत्र काढून ठेवतो. मग ढोल वाजले तरी कळत नाही."

भिंतीवर कॅलेंडर होतं. प्रत्येक शनिवारी काकांच्या बारीक अक्षरात 'लोकर, आंघोळ' असं वर्षाच्या शेवटापर्यंत लिहिलेलं. येत्या शनिवारी त्याच्याच खाली मुलाचं अक्षर: 'बाबांना न्यायचं.' आणि त्या शनिवारच्या आंघोळीसकट पुढचे सगळे शनिवार काकांनी एकेक करून खोडले होते. ताईंनी पानं उलटून पाहिली, डिसेंबरापर्यंत खोडले होते.

ताईंची आई शेवटी शेवटी म्हणायची, माझं चष्म्याचं घर कोणीतरी हलवतं. सगळे हसले, ताईही हसल्या. आई गेल्यावर कपाट सरकवलं तेव्हा ते घर मागच्या फटीत सापडलं. कपाटाचा खणच तिरका होता. ते आठवून ताईंनी कॅलेंडर भिंतीवर सरळ केलं.

"काका, मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"तुम्ही घालत नाही, तर मग हिला आंघोळ घालतंय कोण, ते बघायला."

काकांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. ताई निघाल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरून उतरणाऱ्या बाईंशी जिन्यात त्यांची गाठ पडली. बाईंच्या ओल्या हातांना तोच काडेपेटीचा वास येत होता.

३

त्या बाई म्हणजे सिस्टर. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या, आता निवृत्त. पण जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाची नाडी अजून त्यांच्या नजरेत असे.

"त्या उघड्या मांजरीला मी?" सिस्टर म्हणाल्या. "अहो, मी तिला चिमट्यानंसुद्धा उचलणार नाही. ती माझ्या पायपुसण्यावर डाग पाडून जाते."

"तुमच्या हाताला वास कसला येतोय?"

"गंधकाचा साबण. खाज, खरूज, सगळ्यावर एकच उपाय. आमच्या वॉर्डात रुग्णांपेक्षा तो जास्त असायचा." त्यांनी हात हुंगून पाहिला. "तळमजल्यावरच्या वेतमास्तरांनाही एक वडी दिली महिन्यापूर्वी. हातांना खाज सुटते म्हणाले बिचारे. दिवसभर पाण्यात हात, दुसरं काय होणार."

"काकांच्या घराची किल्ली आहे तुमच्याकडे?"

"किल्ली मुलाकडे. मला विचाराल तर त्याच्यावर लक्ष ठेवा. माणूस विसरायला लागला असं म्हटलं, की घर रिकामं व्हायला वेळ लागत नाही." एवढं बोलून सिस्टर भाजी आणायला निघून गेल्या, आणि ताईंच्या डोक्यात किडा सोडून गेल्या.

सोमवारी मुलगा स्वतःच शर्ट टाकायला लाँड्रीत आला. सरळ माणूस दिसत होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. ताईंनी आडवळण न घेता विचारलं.

"ताई, मला काय हौस आहे का बाबांना हलवायची?" तो म्हणाला. "उद्या गॅस विसरले तर? मी पलीकडच्या टोकाला राहतो. मला झोप लागत नाही."

"तुम्ही येता का मधे?"

"दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत डबा ठेवून जातो. ते झोपलेले असतात, उठवत नाही. पाच मिनिटांत परत."

"पाच मिनिटांत काय काय करता?"

त्याला प्रश्न विचित्र वाटला. "डबा ठेवतो. मांजरीचा वास कोंडलेला असतो, म्हणून स्वयंपाकघराची खिडकी उघडतो. निघतो."

ताईंच्या हातातला शर्ट तसाच राहिला. "हे कधीपासून?"

"महिना झाला असेल. पाच शुक्रवार," मुलगा म्हणाला.

४

आता ताईंना वाटलं असतं की चोर सापडला, तर नवल नव्हतं. किल्ली त्याच्याकडे, वार तोच, खिडकीही त्याचीच. पण पाच मिनिटांत बिनकेसांच्या मांजरीला आंघोळ घालून दाखवा, अशी पैज त्या कोणाशीही लावायला तयार होत्या. कानांतला मळ, नखांतला मळ, सुरकुत्या. काकांना पाऊण तास लागे. आणि मुलाच्या शर्टावर त्या तेलाचा ठिपकाही नव्हता.

मंगळवारी वेतमास्तर काठी टेकत आले. तीनच महिन्यांपूर्वी त्यांनी इमारतीच्या मागच्या अंगणातली खोली घेतली होती. खुर्च्यांच्या बैठका वेतानं विणत, आणि इतक्या सुबक की डोळस माणसानं लाजावं. मास्तर जन्मापासून आंधळे होते. त्यांनी कामाचा एप्रन काउंटरवर ठेवला आणि बोटांनी कड चाचपून तो सरळ केला.

"पाण्यानं ओला होतो नुसता. फार मळला नसेल," ते म्हणाले.

ताईंनी त्यांचे हात पाहिले. वेताचे बारीक ओरखडे होते, पण कातडी साफ होती. पुरळ नाही, खाजवल्याची खूण नाही.

"हाताची खाज कशी आहे, मास्तर?"

"खाज?" ते क्षणभर थांबले. "हो, हो. बरी आहे आता." आणि काठी घेऊन जरा घाईनंच निघाले.

एप्रन खरंच फार मळलेला नव्हता. ताईंनी तो धुतला, वाळवला आणि बुधवारी इस्त्रीखाली घेतला. तेलाचा डाग मोठा लबाड असतो. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा पाण्यात डोळे मिटून बसतो, गेला असं वाटतं. पण गरम इस्त्री फिरली की हळूहळू वर येतो. एप्रनच्या मांडीवरच्या भागात तसा एक डाग वर आला. गोल, तपकिरी, एका कडेला शेपटीएवढा लांबोळा.

हा रंग ताईंनी पाच वर्षं धुतला होता. त्यांनी इस्त्री उभी केली आणि मुलाला फोन लावला.

"शुक्रवारी या. नेहमीसारखा डबा ठेवा, खिडकी उघडा, आणि मग ऑफिसला पळू नका. अंगणात माझ्याजवळ येऊन उभे राहा."

"कशासाठी?"

"तुमच्या बाबांसाठी," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

५

शुक्रवारी दुपारी अंगण अर्धं झोपेत होतं. मास्तरांच्या दाराशी भिजत घातलेल्या वेतांचा टब होता, त्यातून कोमट वाफ निघत होती. ताई आणि मुलगा जिन्याच्या आडोशाला उभे राहिले.

"काय बघायचंय?" मुलगा कुजबुजला.

"वर बघा."

त्यानं नुकत्याच उघडलेल्या खिडकीत लोकर दिसली. निळा स्वेटर, मोठे कान. तिनं उजेडाला तोंड देऊन जांभई दिली, सज्ज्यावर उतरली, तिथून पाण्याच्या टाकीवर, तिथून भिंतीवर. कुठं घाई नाही. स्वप्नात चालल्यासारखी ती अंगण ओलांडून मास्तरांच्या दारात शिरली.

"आलीस का ग बाई?" आतून आवाज आला. "सकाळपासून वाट बघतोय. शुक्रवार ना आज."

दार उघडंच होतं. मास्तरांनी तिला मांडीवर घेतलं, स्वेटर काढला आणि पालथा हात तिच्या पोटाला लावला.

"ताप आहेच अजून. महिना झाला, उतरत कसा नाही? आणि केसही एक फुटायला तयार नाही." त्यांनी वेगळ्या भांड्यात पाणी घेतलं, साबणाची वडी चाचपून उचलली. काडेपेटीचा वास अंगणभर झाला. मास्तरांची बोटं एकेका सुरकुतीतून अशी फिरत होती, जशी ती वेताच्या जाळीतून फिरत असतील. लोकर हूं की चूं करत नव्हती.

मुलाचं तोंड उघडं राहिलं होतं. ताई हळू आवाजात सांगू लागल्या.

"टॉवेलनं मला पहिल्यांदा सांगितलं. पाच आठवडे तो माझ्याकडे माझ्याच घडीत परत आला, माझी नंबराची चिंधीसुद्धा टाचलेली. बाबांनी आंघोळ घातली असती तर पुसलं कशानं? मग घंटा. चांदीला गंधक लागलं की ती काळी पडते. एका गिऱ्हाइकाची बटणं काळी करून मी ते शिकलेय. सिस्टरनी साबण दिला यांना, खाजेसाठी म्हणून, पण यांच्या हाताला खाजच नाही. आणि यांच्या एप्रनवर इस्त्रीखाली तिचा डाग आला."

"आणि तो उलटा स्वेटर? दिसत नाही म्हणून?"

"थांबा. बघा आता."

मास्तरांनी मांजरीला एप्रनमध्ये गुंडाळून कोरडं केलं. स्वेटर हातात घेतला, आतून बोट फिरवून शिवण शोधली आणि मुद्दाम तो उलटा केला.

"मागे एकदा केला होता, पण जाताना कोणीतरी सुलटा करतं वाटतं," ते तिला समजावत होते. "शिवण टोचते ना उघड्या अंगाला. ज्यानं शिवला त्याला डोळे असतील, बोटं नसतील."

ताईंना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. त्यांनी खाकरून एक पाऊल पुढे टाकलं. मास्तरांनी मांजरीला झटकन छातीशी धरलं.

"कोण आहे? हे बघा, खरूज होती, पण बरी होतेय. कोणाला लागणार नाही. तिला बाहेर काढू नका. गळ्यात घंटा बांधणारे बांधतात, आणि आजारी पडलं की वाऱ्यावर सोडतात. म्हणून मी कोणाला बोललो नाही."

"मास्तर, ही आजारी नाही," ताई म्हणाल्या. "ही जातच बिनकेसांची. आणि ताप नाही तो, मांजर एवढीच गरम असते. वरच्या प्रूफकाकांची आहे ती, जिवापाड जपलेली."

मास्तरांचा हात मांजरीच्या पाठीवर होता तिथंच राहिला.

"म्हणजे ती ठणठणीतच होती?"

"जन्मापासून."

"अस्सं." त्यांनी साबणाची वडी पाण्याच्या भांड्यापासून दूर सरकवली. "मग आता ती कशाला येईल माझ्याकडे?"

मुलगा वर बघत होता, उघड्या खिडकीकडे.

"ती मीच उघडत होतो," तो म्हणाला. "आणि बाबा विसरतात म्हणून निवासवाल्यांनाही मीच सांगितलं."

६

चार वाजता काका उठले, कानात यंत्र घातलं आणि बघतात तर घरात तीन माणसं आणि ओल्या कानांची मांजर. ताईंनी सगळं सुरुवातीपासून सांगितलं. काका मुद्रित वाचावं तसे ऐकत होते.

"म्हणजे मी..." त्यांनी शेवटी विचारलं.

"तुम्ही काहीसुद्धा विसरला नाहीत."

काकांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मुलगा उठून भिंतीजवळ गेला. त्यानं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं, बाबांच्या खिशातलं पेन घेतलं आणि 'बाबांना न्यायचं' यावर आडवी रेघ मारली.

"बरोबर खोडलं ना, बाबा?"

"शेपूट राहिलं," काका म्हणाले. "नुसत्या रेघेनं होत नाही. शेवटी वेटोळं काढायचं, म्हणजे खिळे जुळवणारा जुळारी तो मजकूर काढून टाकतो." मुलानं वेटोळं काढलं. ते वाकडं आलं, पण काकांनी चालवून घेतलं.

मास्तर दाराजवळच उभे होते. काठी हातात, निघायच्या बेतात. "येतो मी," ते म्हणाले. "तो साबण वापरू नका तिला. कातडी कोरडी पडली असेल, माझी चूक."

"मास्तर, बसा जरा," काका म्हणाले. "कानांतला मळ तुम्ही कसा काढता? मला ती हात लावू देत नाही."

"ओल्या कापडाचं टोक, आणि आधी घशाखाली खाजवायचं. झोपते मग."

"असं होय." काकांनी पेन घेतलं. येत्या शनिवारी त्यांचेच शब्द होते, त्यांनीच खोडलेले. त्यांच्याखाली त्यांनी टिंबं द्यायला सुरुवात केली, जोर देऊन, एकेक. मग पुढचा शनिवार. मग त्याच्या पुढचा. पान उलटलं, पुन्हा टिंबं. डिसेंबरापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला.

मास्तर कान देऊन ऐकत होते. "काय चाललंय? टकटक ऐकू येतेय."

काकांनी एक पान पालथं केलं आणि मास्तरांचा हात धरून त्यावर ठेवला. पेनाच्या टोकानं कागदाच्या पाठीवर बारीक उंचवटे उठले होते. मास्तरांची बोटं त्यांवरून गेली, परत आली.

"ओळीनं टिंबं आहेत. काय लिहिलंय?"

"राहू द्या, असं लिहिलंय," काका म्हणाले. "शनिवारी सकाळी अकराला या. पाणी मी कोमट करून ठेवतो, मळ तुम्ही काढा. स्वेटर कसा घालायचा ते तुम्हीच ठरवा."

मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली आणि खुर्चीत बसले. उजेडाचा चौकोन सरकत सरकत त्यांच्या पायांशी आला होता, आणि लोकर डोळे मिटून त्याच्यामागे आली होती.

ताईंनी फळीवरून आणलेला टॉवेल पिशवीतून काढला, त्याची नंबराची चिंधी सोडली आणि तो काकांच्या हाती दिला.